तुमचं बोलणं या खोलीतच राहील

सोमवार, ३
अकरा नकारांनंतर अखेर नोकरी. मासे गोठवून पाठवणाऱ्या कारखान्यात मानसशास्त्रज्ञ! स्वतंत्र खोली, दोन खुर्च्या, आवाज न करता मिटणारं दार. आई फोनवर म्हणाली, लहानपणापासून आमचं डोकं खाल्लंस, आता त्याचा पगारही मिळणार. साहेब शांत, अदबीचे. कामगारांशी मोकळेपणी बोला, कोण कशाला घाबरतं तेवढं मात्र नीट लिहून द्या, म्हणाले.

शुक्रवार, ७
पहिला आला फोर्कलिफ्टवाला. दादा माणूस, पण बंद जागेत जीव घाबरा होतो म्हणाला. लहानपणी कोठीत अडकला होता. तुमचं बोलणं या खोलीतच राहील, असं मी त्याला सांगितलं. संध्याकाळी अहवाल दिला. साहेबांनी दोनदा वाचला.

बुधवार, १९
फोर्कलिफ्टवाल्याला कोल्ड रूममध्ये टाकलंय. एकट्याला. आत दांडा नाही, दार बाहेरूनच उघडतं. काल चार तासांनी काढला तेव्हा नखं उखडलेली होती. मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, तुमचा अहवाल अचूक आहे, आता तो वर मान करून बोलत नाही.
राजीनामा लिहिला. फाडला. बारावा नकार सोसवणार नाही.

मंगळवार, २५
वजनकाट्यावरच्या मावशींना उंचीची भीती. तीही मीच लिहिली. आज त्यांना गोदामातल्या सर्वांत वरच्या फळीवर चढवलं. पडल्या. कंबर गेली.
साहेबांनी पुढच्या कामगारांची यादी पाठवली. माझं कौतुकही केलं.

गुरुवार, २७
पॅकिंगची नवी मुलगी आली. मी काही विचारलं नाही. पळून जा, एवढंच म्हटलं. तिला नोकरी जाण्याचीच भीती — थेट साहेबांकडे गेली.

शुक्रवार, २८, दुपार
साहेब रागावले नाहीत. मुलगी कोल्ड रूममध्ये रडतेय, समजूत काढा म्हणाले. गेले. आत कुणीच नव्हतं. दार —

किती वेळ झाला? फोन टेबलावर राहिला. खिशात ही वही, पेन्सिल.
बाहेर फोर्कलिफ्टवाला आहे. ओळखला आवाज. दांडा ओढ म्हटलं, हात जोडले, तो काय बघणार — रडत होता. म्हणाला, मॅडम, साहेबांना आत कुणीतरी एक लागतंच. तुम्ही आहात तोवर मी बाहेर.
मग पावलं लांब गेली —

बोटं वळत नाहीत. आईला कुणीतरी सांगा की मी