अर्थिंगची पिन

प्रिय एवेलियो मामा,

चार महिन्यांनी लिहितेय, आणि माफी मागायला नाही, हे आधीच सांगते. सध्या सिएनागात आहे. खरं तर पुढे जायचं होतं, पण बस थांबली तिथे एक बाई गरम बुतिफारा, मांसाच्या गोल गोळ्या, विकत होती. लिंबू पिळून खाल्ल्या आणि राहिलेच. तू म्हणशील, पोरीच्या पायाला भोवरा आहे. असू दे.

इथे दोन्या फिदेलिना नावाची म्हातारी चर्चचे स्पीकर सांभाळते. तिने मला केबल बनवायला शिकवलं. आत दोन तारा, आवाज एकीतून सरळ, दुसरीतून उलटा, आणि वर जाळीचा अंगरखा. मिक्सरकडून अँप्लिफायरकडे जाणाऱ्या केबलची जाळी मिक्सरलाच जोडायची, दुसरं टोक कापून टेप गुंडाळायची. घरघर बंद! मी शहाणपणा करून माइकच्या केबलचीही जाळी कापली, तर प्रार्थनेत माइक असा घोंघावला की पाद्रीबाबांनी कानांत बोटं घातली. म्हातारी म्हणाली, "अगं बये, माइकला जाळी दोन्ही टोकांना लागते! देवालाही कानात बोटं घालायला लावलीस."

आपल्या पिकोत घरघर आली की तू काय करतोस? पक्कड घेऊन अँप्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन मोडतोस. बारांकियात पिको म्हणून स्पीकरांची भिंत उभी करणारे सगळेच मोडतात, माहितेय. घरघर जाते. पण आत एखादी तार सुटली की वीज अँप्लिफायरच्या बाहेरच्या पत्र्यावर येते आणि जाळीतून थेट माइकमध्ये. कार्निव्हलला याइरचा तळवा भाजला तो असाच. तुझा पोटचा पोरगा, मामा! मी ओरडले, तर तू चारचौघांत म्हणालास, "सातवी नापास पोरगी मला वीज शिकवतेय!" सगळे हसले. याइरही हसला, हात बर्फात घालून. त्याच दिवशी मी पिशवी उचलली.

काल याइरचा फोन आला. सान हुआनच्या सणाला त्याच्या हातात तोच माइक, तेच अँप्लिफायर, आणि पायाखाली बिअरने ओली फरशी. म्हणून हे पत्र. सोबत अकरा केबल आणि तीन पिनांचे चार प्लग पाठवतेय, केबल सगळ्या माझ्या हातच्या. लाव. घरघर आली तर सगळ्या गल्लीसमोर नाक घासेन. पण एक जरी पिन मोडलेली दिसली, तर मी येऊन भर नाचात मेन स्विच खाली ओढीन. लोकांनी बाटल्या फेकल्या तरी हलणार नाही. तुझा पिको बंद पडला तर पडू दे. याइर पडायला नको.

तुझीच, नापास पण खमकी भाची,
दायानिस