चिमीची सही

८ फेब्रुवारी

चि. चिमीस, दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून जीव टांगणीला लागला. बाबांना दुसऱ्यांदा झटका आला, आणि तू ते मला चष्म्याच्या काचांचे भाव लिहून झाल्यावर कळवतेस, धन्य आहे तुझी! आता मृत्युपत्र करून घ्यायलाच हवं. विषय काढलास की बाबा भडकतील, मला पोचवायला निघालात का म्हणतील, पण ऐकू नकोस.

माझ्या ओळखीच्या वकिलाने चांगली चार पानं भरून सल्ला दिलाय. सगळा फाफटपसारा गाळून कामाचं तेवढं लिहितो. भाषा साधी ठेवा, काय कोणाला ते स्पष्ट असू दे. बाबा पूर्ण शुद्धीत आहेत अशी डॉक्टरांची चिठ्ठी जोड. बाबांनी दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि त्यांनीही तिथल्या तिथे करायची. बँकेत वारस म्हणून कोणाचं नाव आहे तेही बघ, अजून आईचंच असेल. आणि मूळ कागद कुठे ठेवलास ते मला कळव, नाहीतर तू असा जपून ठेवशील की तुलाच सापडायचा नाही.

खालचं दुकान आणि वरच्या दोन खोल्या तुझ्याच नावावर व्हाव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. बाबांचं सगळं तूच केलंस. मला इकडे काय कमी आहे? बाबांना सा. न. सांग आणि स्वतः वेळेवर जेवत जा.

तुझा दादा

---

१ मार्च

ती. दादास, चिमीचा सा. न. वि. वि.

झालं बाबा एकदाचं! आठवडाभर तोंड फुगवून बसले होते. काल सकाळी स्वतःच म्हणाले, आण तो कागद. भिंग धरून एकेक ओळ वाचली, माझ्या अक्षराला नावं ठेवली. जन्मभर लोकांना चष्मे दिले आणि मलाच दिसेना, म्हणून स्वतःच हसले.

शेजारचे बेकरीवाले काका हाताचं पीठ झटकत आले, त्यांची सही झाली. दुसरा साक्षीदार म्हणून समोरच्या शिंप्याला बोलवायला मी निघाले, तर बाबांनी अडवलं. म्हणाले, आई गेल्यापासून माझ्या सहीखाली चिमीची सही असते, ती नसेल तर कागद अर्धाच. त्यांची सवय तुला ठाऊकच आहे. काचांची पावती असो की ऑपरेशनचा कागद, स्वतःचा हात थरथरतो म्हणून खाली माझी सही घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. तूही दोन साक्षीदार एवढंच लिहिलं होतंस. म्हटलं, बरं बाबा, आणि केली. केवढे खूश झाले म्हणून सांगू! चहा मागितला, वर बिस्किटंही.

कागद काचांच्या कपाटात, वरच्या खणात आहे. डोक्यावरचं ओझं उतरलं रे. तू नसतास तर मला यातलं ओ की ठो कळलं नसतं. वहिनीला नमस्कार, मुलांना पापे.

तुझी चिमी

---

१४ जुलै

चि. चिमीस, अनेक आशीर्वाद.

बाबांना जाऊन महिना होत आला. तिथून निघताना दुकानातून त्यांचं खाकरणं ऐकू येईल असं सारखं वाटत होतं.

वकिलाला कागद दाखवला. कसं लिहू समजत नाही. तिथल्या कायद्यात, ज्याला काही मिळायचं आहे त्यानेच साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याला दिलेलं रद्द होतं. म्हणजे घर आणि दुकान बाबांनी तुला दिलंच नाही असं धरायचं, आणि ते आपल्या दोघांत निम्मं निम्मं. वकील उलट माझ्यावरच उखडला. म्हणाला, हे मी पहिल्या पानावर लिहिलं होतं. असेलही, तेव्हाच्या गडबडीत नजरेतून सुटलं.

कायद्यापुढे कोणाचं काय चालतं? मनाला लावून घेऊ नकोस. तुमच्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला दुकान वाढवायचंय, किंमत चांगली देतोय. तुझ्या निम्म्यात कुठेतरी छानशी खोली येईल. तुझी वहिनीही म्हणते, एकटीने कशाला ते जिने चढायचे.

तुझा दादा

---

२० जुलै

ती. दादास, सा. न.

तू गाळलेल्या फाफटपसाऱ्यात माझं घर होतं, दादा. चूक झाली, माणसाच्या हातून होते, त्यावर मी एक शब्द बोलणार नाही. पण पुढचं काय? मी इथल्या वकीलबाईंना विचारून आले. त्या म्हणाल्या, भावाने आपला हिस्सा सोडल्याचा कागद करून दिला की विषय संपला. कायदा तुझा हात धरून बसलेला नाही.

घर तुझंच व्हावं, मला काय कमी आहे, असं तूच लिहिलं होतंस. तोच दादा आहेस ना? मी भीक मागत नाही. बाबांनी मला दिलं तेच मागतेय. खाली मशीनवर काचा घासते म्हणून माझं पोट भरतं, दुसरं मला काही येत नाही. त्या छानशा खोलीत बसून काय घासू, भांडी?

उत्तर लवकर दे. दाराची बेल वाजली की पोस्टमन असेल म्हणून धावते.

चिमी

---

२ ऑगस्ट

चि. चिमीस, आशीर्वाद.

तुझा राग मी समजू शकतो. फेब्रुवारीत लिहिलं ते मनापासूनच लिहिलं होतं. पण तेव्हा घर बाबांचं होतं, आता निम्मं माझं आहे, आणि माझ्यामागे संसार आहे. हातात आलेलं सोडून दिलं तर उद्या मुलं मला जाब विचारतील. तू एकटी, तुला हे कळायचं नाही.

औषधवाला फार थांबणार नाही. अठरा तारखेला कचेरीत ये. साक्षीला बेकरीवाल्या काकांना घेऊन येशील का? ते आपले घरचेच.

दादा

---

९ ऑगस्ट

दादा,

अठराला येते. दाखवशील तिथे सही करते. तुझ्याशी भांडत कोर्टाच्या पायऱ्या झिजवायचं त्राण माझ्यात नाही, आणि ते तुला पक्कं ठाऊक आहे. काकांना विचारलं. ते म्हणाले, या घराच्या कागदावर एकदा सही केली तेवढी पुरे. तेव्हा साक्षीदार तुझे तू बघ.

भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता काढला. काचा घासायचं मशीन विकणार नाही, ते माझ्याबरोबर येईल. कुठे, ते तुला कळवणार नाही. जूनमध्ये तू इथे विसरलेला तुझा मोडका चष्मा नीट करून काकांकडे ठेवलाय, जाताना घेऊन जा.

आता तूही मृत्युपत्र करून टाक. चारही पानं वाच, काही गाळू नकोस. म्हातारपणी तुझ्या उशाशी जे पोर बसेल, तुझी औषधं सांभाळेल, त्याला काही द्यावंसं वाटलं, तर सह्यांच्या दिवशी त्याला खोलीबाहेर पाठव. आणि सल्ला लांबच्या पोराकडून घेऊ नकोस.

तब्येतीला जप, असं शेवटी लिहायची हाताला सवय आहे, म्हणून लिहिलं.

चिमी