माझेच ब्लॉक का नाकारतात?

१२ जानेवारी, सोमवार

पुन्हा तेच! माझे ब्लॉक नाकारले. माझेच!

गुरुवारी क्लायंट येणार. त्याला एवढंच दाखवायचंय की मालाची एक नोंद, म्हणजे एक ब्लॉक, एका लॅपटॉपवर झाली, की बाकीचे दोन ती तपासतात, मान्य करतात, साखळी पुढे जाते. खरी ब्लॉकचेन नाही, ऑफिसातल्या ऑफिसात चालणारी सरावाची. एक लॅपटॉप माझा, एक उझैरचा, एक मिथुनचा; प्रत्येक लॅपटॉप म्हणजे साखळीतला एक नोड. सगळा सेटअप मी कंटेनरमध्ये बांधला. डबा भरतो तसं - लागेल ते आत, वर झाकण, कुठेही नेऊन उघडा. तिघांकडे सारखेच डबे. मग त्या दोघांचं आपसात पटतं आणि मीच काय घोडं मारलंय?

आणि तिन्ही डबे माझ्या एकटीच्या लॅपटॉपवर चालवले तर सगळं सुरळीत! म्हणजे दोष माझा नाहीच.

तरी सुजीत सर सगळ्यांसमोर म्हणतात, "ईश्वरी, डेमो मिथुनला देऊया का?" देऊया का म्हणे! तो परवा जॉइन झालेला. ओळ न् ओळ मी लिहायची आणि क्लायंटसमोर मिरवायचं त्याने?

१३ जानेवारी, मंगळवार

डबे मोडून परत बांधले. वायफाय सोडून केबल लावली. ढिम्म.

सकाळी घरी पोळ्या लाटत होते तर लॅपटॉपवर मीटिंगचं रिमाइंडर बोंबललं, दीड तास आधीच. विलास म्हणाला, "अगं, घड्याळ भारताच्या वेळेवर ठेवलंयस म्हणून. बदल ना आता." हात लावायचा नाही म्हटलं त्या घड्याळाला. जरा ओरडलेच. आतून लेकीचा आवाज - "मम्मा, चिल!" चिल म्हणे. नवऱ्याने काही बोलायचं बाकी ठेवलं तर लेक आहेच.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. आईविना पहिली. इथे आखातातही मीना बाजारात आपलं सगळं मिळतं, तरी तिळगूळ आणलाच नाही.

ऑफिसात हद्द झाली! सुजीत सर म्हणाले, "सुट्टीवरून आल्यापासून तुझं लक्ष नाहीये." सुट्टी?! ऑक्टोबरात आईच्या दिवसांना सांगलीला गेले होते मी, गोव्याला नाही! एचआरने तिथे 'लीव्ह' लिहिलं म्हणून ती सुट्टी झाली?

डोकंच फिरलं. मिथुन समोर होता, त्याच्यावर घसरले. "मेरा नोड तुमने ही रोका है ना? डेमो चाहिए था ना तुमको?" उझैर "खलास, खलास" - म्हणजे बास झालं - करत मध्ये पडला.

डेमो मिथुनकडे गेला. घ्या!

१५ जानेवारी, गुरुवार

पोचले तर मिथुन माझ्याच टेबलापाशी. "दीदी, मेरे वाले लॉग एक बार साथ में देखते हैं?" म्हटलं, देखो, जो देखना है.

लॉग म्हणजे लॅपटॉपने स्वतःच ठेवलेली नोंदवही; त्याच्या नोंदवहीत लाल ओळींची रांग. माझा प्रत्येक ब्लॉक परत पाठवलेला, कारण त्याची वेळ अजून यायचीच होती. "आपका ब्लॉक फ्यूचर से आ रहा है, दीदी. डेढ़ घंटा आगे."

डब्यात सगळं मी भरलं होतं. वेळ मात्र डबा लॅपटॉपकडूनच घेतो. हे मला माहीत नाही? मीच शिकवते हे नव्या पोरांना! पण मी आपली माझेच लॉग वाचत बसले. माझ्याकडे सगळं हिरवंगार.

घड्याळ मागे केलं. डबे पुसून नव्याने सुरू केले. तिन्ही लॅपटॉप जुळले. मिथुनने परस्पर सरांना सांगितलं, "डेमो दीदी करेगी." मी केला. क्लायंट खूश, सर टाळ्या वाजवत होते.

मिथुनला सॉरी म्हटलं. शब्द तोंडातून निघता निघेना. तो म्हणाला, "कोई बात नहीं. लेकिन दीदी, घड़ी आगे क्यों की थी?" मी म्हटलं, यूंही.

१६ जानेवारी, शुक्रवार

यूंही नाही. आई तिकडे सांगलीत आयसीयूत होती तेव्हा नर्स संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावून द्यायची. एकदा माझा वेळेचा हिशोब चुकला, कॉल हुकला. आई वाट बघत राहिली. त्याच दिवशी चिडून लॅपटॉपचं घड्याळ दीड तास पुढे, भारताच्या वेळेवर ओढलं, पुन्हा चुकायला नको म्हणून.

आज लॅपटॉप इथलीच वेळ दाखवतोय. तरी संध्याकाळ झाली तशी मी मनात दीड तास मिळवला आणि फोन हातात घेतला.