ताटाला भ्यायले, रक्ताला नाही

भालकी, मंगळवार, संध्याकाळ

कपाळ ठणकतंय. पण लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

तपासणीत मला हिपॅटायटिस सी निघालं, हे मीच आज घरात सांगितलं. लपवायला हवं होतं का? सगळ्यांसोबत जेवायला बसले, तर मोठ्या दिरांनी, अण्णांनी, माझं ताट लाथेनं उडवलं.

"लेकरांत बसायलीस कामून? मारायचंय का त्यांना?"

"सोबत जेवल्यानं लागत न्हाई, अण्णा. डॉक्टर सांगितलेत."

त्यांनी काचेचा ग्लास माझ्या कपाळावर हाणला. ग्लास फुटला, त्यांचाही तळहात चिरला. त्याच हातानं केस धरून मला दारापर्यंत फरफटत नेलं. माझं रक्त त्यांच्या जखमेवर ओघळत होतं. नवरा मान खाली घालून बसलेला. ताटाला भ्यायले हे लोक, रक्ताला नाही.

"हात धुवा आधी," मी ओरडले. "हे रक्तातनंच लागतंय."

तेव्हा केस सुटले. नळाखाली हात धरून अण्णा बराच वेळ उभे होते. मग हळूच म्हणाले, "मला लागलं तर बरं व्हतंय का?"

"तपासून घ्या. गोळ्यांनी बरं व्हतंय."

माझ्याबद्दल हे कुणीच विचारलं नव्हतं. नवऱ्यानंसुद्धा.