पांढऱ्यावर पांढरं

प्रिय खारूताई,

तुझ्या आईचा काल फोन आला. तू कॉलेज सोडते आहेस म्हणे. सोमवारी अर्ज देणार. सख्ख्या आत्याचं घर धड करता आलं नाही, मग परक्यांची घरं काय सजवणार, असं म्हणालीस म्हणे. हे ऐकल्यापासून माझं कशात लक्ष लागत नाही. रागही आला आहे, पण तो नेहमीचाच, त्याचं विशेष काही नाही.

तुमच्या सरांनी 'खऱ्या माणसाचं खरं घर' असा प्रकल्प दिला आणि तू मला धरलंस. टेप घेऊन घरभर रांगत होतीस. ओटा किती उंच, पलंगापासून दार किती लांब, सगळं मोजलंस. मग चौकशा. आत्या, उठल्यावर आधी कुठे जातेस? वाचायला कुठे बसतेस? काही अडचण येते का? इतकं तर पोलीसही विचारत नाहीत, असं मी म्हटलं. अडचण कसली, मी ठणठणीत आहे, हेही म्हटलं. तू ते तसंच उतरवून घेतलंस. तुला चांगले गुण मिळाले, तुझा बाप हरखला, आणि मी महिनाभर मैत्रिणीकडे गेले तेवढ्यात त्याने सुतार-रंगारी बोलावून तुझा आराखडा माझ्या घरात उभा केला. मला न विचारता! आमच्या कॉन्व्हेंटमध्ये कुणाच्या डेस्कला न विचारता हात लावला तरी सिस्टर पट्टी काढायच्या. तुझ्या बापाला अशी एखादी सिस्टर मिळायला हवी होती.

परत आले तर भिंती पांढऱ्या, ओटा पांढरा, बटणं पांढरी, कपाटंही पांढरी. त्यांना मुठी नाहीत. दाबलं की उघडतात म्हणे. कुठे दाबायचं ते कपाटालाच ठाऊक. तुझा बाप हात पसरून म्हणाला, ताई, काय प्रशस्त वाटतंय, अगदी हॉटेल! मी म्हटलं, मग खोलीची चावी दे आणि तू निघ. तू कोपऱ्यात उभी होतीस. मी तुला म्हटलं, हे घर आहे की दवाखाना, आणि तुझ्या सरांना चुन्याच्या डबक्यात बुडवून आण. त्यानंतर तुझा फोन नाही.

इथली खबर अशी. उघड्या राहिलेल्या कपाटाच्या दारावर कपाळ आपटलं. शेजारीण टेंगूळ पाहून हळहळली, तिला सांगितलं, भांडण झालं, समोरच्याला जास्त लागलंय. परवा पांढऱ्या कपात दूध ओतलं. ते कपात कमी आणि ओट्यावर जास्त गेलं. उकळतं पाणी असतं तर काय झालं असतं, हा विचार करत मी तिथेच खुर्ची ओढून बसले. तेव्हापासून चहा बंद आहे. तुझा बाप रोज विचारतो, ताई, आमच्याकडे येतेस का, टीव्हीशेजारची खोली तुझीच. तो प्रेमाने विचारतो, म्हणूनच मला धडकी भरते. एकदा तिथे गेले की माझं घर बंद आणि मी त्या टीव्हीची कायमची प्रेक्षक.

आता नीट वाच. तुझं काम चुकलेलं नाही. तू मला विचारलं होतंस आणि मी लपवलं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी वर्षभर जाते आहे, कुणाला न सांगता. माझ्या नजरेच्या मधोमध डाग आहे आणि तो वाढतो आहे. कडेचं दिसतं, मधलं पुसलं जातं. समोरच्या माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. पांढऱ्यावर पांढरं ठेवलं की काहीच उरत नाही. त्या दिवशी तू रडते आहेस हे मला तू नाक ओढलंस तेव्हा कळलं, आणि तोवर मी सगळं बोलून बसले होते. हे पत्रही जाड स्केचपेनने, ओळीखाली पट्टी धरून लिहिते आहे. सोमवारी अर्ज द्यायला जाऊ नकोस, इकडे ये. गडद रंगांचे नमुने आण, कपाटांना हाताला लागतील अशा मुठी आण. काय दिसतं आणि काय नाही, ते मी या वेळी खरं सांगेन. तुझ्या बापाला आधी कळता कामा नये. घर झालं की त्याला बोलव. मी माझ्या हाताने चहा करून त्याच्यापुढे ठेवीन आणि मगच डोळ्यांचं सांगेन. हे तुझ्याशिवाय कुणाला जमेल असं मला वाटत नाही. मला फार भीती वाटते आहे, खारू. लवकर ये.

तुझीच, अजून तरी स्वतःच्या घरात राहणारी,
आत्या