भरे गावात मिळालेली खोली

तीर्थरूप रत्नदीपमामांस,

गौतमीचा सविनय जयभीम. तुमची कंबर, मामीचं बीपी आणि वर्कशॉपमधला कंप्रेसर ही तिन्ही ठीक असतील असं धरून चालते. फोनच केला असता, पण तुम्ही तो स्पीकरवर ठेवता आणि अख्खं वर्कशॉप ऐकतं.

कॉलेजचं होस्टेल दुसऱ्या वर्षाला मिळत नाही. सोमवारी कपाट रिकामं करायचंय. तोवर खोली ठरली नाही तर बाबा मला गावी घेऊन जाणार आणि शिक्षण तिथंच थांबणार. म्हणून पंधरा दिवस खोल्या बघत हिंडले. लोक फार प्रेमळ आहेत. बावधनच्या एका सोसायटीत मुलींना जागा होती, फक्त त्या येता-जाता कुणाला दिसायला नकोत. माणमध्ये एकनाथराव भेटले, भाताच्या खाचरावर चार मजले उठवलेले. त्यांनी पंखा लावून दाखवला, नळ सोडून दाखवला, मग गाव विचारलं, मग गावात घर कुठल्या बाजूला ते विचारलं, आणि एकदम त्यांना आठवलं की खोली पाहुण्यांसाठी ठेवलीय. (पाहुण्यांची अशी आठवण मी आतापर्यंत पाच घरमालकांना करून दिली.)

भरे गावात मात्र घरमालकीण हेमलताकाकूंनी नुसतं आडनाव विचारलं. जाधव म्हटल्यावर म्हणाल्या, "मंग घरचीच की तू. हितंच ऱ्हा, जेवायलाबी हितंच." जाधव सगळ्यांत असतात हे त्यांना ठाऊक असणार, पण त्यांनी आपल्या सोयीचे धरले आणि मी माझ्या सोयीने गप्प बसले. अर्धं सामान घेऊन चार दिवस तिथं राहतेय. डोकं दुखलं तर काकूंनी मांडीवर घेऊन तेल चोळलं. त्यांच्या भाच्याचा फोटोही दाखवलाय. (मुलगा बरा आहे, पण तो मुद्दा नाही.) मला त्या मनापासून आवडतात, म्हणूनच त्यांच्या हातची भाकरी चोरून खाल्ल्यासारखी वाटते.

रविवारी करारावर घरच्या मोठ्या माणसाची सही लागणार आहे. बाबांना खोटं बोलता येत नाही, म्हणून तुमची आठवण झाली.

तुमची नम्र भाची,
गौतमी

ता. क. सहीला या, पण आधार कार्ड घरी विसरून या. कांबळे वाचायला काकूंना चष्मा लागायचा नाही.

ता. क. २ पाकीट चिकटवलं आणि वरच्या ओळीची माझी मलाच लाज वाटली, म्हणून परत फोडलं. आधार आणा. कुठले म्हणून विचारलं तर खरं तेच सांगा, मी शेजारी उभी असेन. फक्त येताना टेम्पो घेऊन या, आणि काकू काय म्हणतात ते कळेपर्यंत इंजिन बंद करू नका.