मंजुरीसाठी आलेला मजकूर

मार्गासनी,
रविवार

प्रिय समीना,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते फोडलंस, तर आधी आभार मानते. तुला आपल्या अभ्यासगटावरून काढलं त्याला सात महिने झाले. त्यानंतर तू माझा फोन घेतला नाहीस आणि मीही दोनदाच केला, त्यामुळे मी फार धडपड केली असं म्हणायला जागा नाही. कागदावर लिहितेय, कारण मोबाईलवर लिहायला बसले की मी एकेक ओळ चारदा पुसते आणि शेवटी उरतं ते एखाद्या संस्थेच्या परिपत्रकासारखं दिसतं. इथं खोडलेलं तरी तुला दिसेल.

भात झोडून झालं. दरवर्षीसारखा तुमच्या घरासाठी इंद्रायणी तांदूळ काढून ठेवला होता, तो गुरुवारी भोरला जाऊन तुझ्या अम्मींकडे, गुलजारमावशींकडे दिला. त्या काय बोलल्या ते पुढे लिहिते. आधी माझ्या बाजूचं लिहू दे, नाहीतर मावशींच्या आडून बोलल्यासारखं होईल, आणि कुणाच्या तरी आडून बोलायची सवय मला फार झाली आहे.

परवा आपले मोडी लिपी शिकायचे दिवस आठवत होते. मे महिन्यात मी मामाकडे उत्रोलीला यायची आणि रोज सकाळी आपण दोघी कुंडलिक गुरुजींच्या वर्गाला जायचो. बारा पोरं आली होती, जूनपर्यंत टिकलो आपण दोघी. मला अक्षर पटकन लागायचं, पण अर्थ तुला लागायचा. गुरुजी म्हणायचे, "सुलक्षणा वाचती झकास, पर समीनाला त्यातला मानूस दिसतो." मला त्याचा राग यायचा. तुला तेव्हा सांगितलं नव्हतं, आज सांगते. आपल्या दोघींना गुरुजींनी घडवलं, त्यामुळे त्यांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही हे दोघींच्याही अंगात मुरलंय. तुला त्या नियमातून त्यांनीच मोकळं केलंय, पण कसं ते तुला ठाऊक नाही, ते पुढे येईल.

गट काढायची कल्पना तुझी होती. भोर-वेल्ह्यातले कागद वाचणारे, कॉलेजात शिकवणारे, पीएचडी करणारे सगळे एका ईमेल गटावर यावेत, अडलेलं अक्षर एकमेकांना विचारावं. तीनशे माणसं झाली तेव्हा राजकारणही आलंच. तेव्हा आपण नियम केला: मतभेद करायचा तर आधी समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं मांडायचं, मग आपलं सांगायचं. आणि माणसावर बोलायचं नाही, मुद्द्यावर बोलायचं. पहिल्या वर्षी किती सुंदर भांडायचे सगळे. पुढे काही जणांचा तोल जायला लागला, म्हणून प्रत्येक मजकूर आधी माझ्याकडे यावा आणि मी मंजूर केल्यावर सगळ्यांना दिसावा, असं ठरलं. शुद्धलेखन आणि संदर्भ तेवढे मी नीट करायचे. तू तेव्हा म्हणाली होतीस, सुला, तुझ्याइतकी गोड भाषा कुणाची नाही, हे काम तूच कर. मी फुलून गेले होते.

मग ती निवडणूक. एका प्रचारसभेत कुणीतरी म्हणालं की या खोऱ्यातले मुसलमान अलीकडचे, मुळातले नाहीत. तू गटावर बंधाऱ्याच्या कामावरच्या माणसांची ती जुनी मोडी यादी टाकलीस, तिच्यातली मुलाणी आडनावाची तीन माणसं दाखवलीस आणि लिहिलंस की हा कागद आपण सगळ्यांनी मिळून लोकांपुढे न्यावा. गटातल्या सोमनाथनं विरोध केला, पण नियमाप्रमाणे केला: आधी तुझं म्हणणं नीट मांडलं, मग अभ्यासकानं प्रचारात उतरू नये असं लिहिलं. तू त्याला छान उत्तर दिलंस. तिथंच थांबलं असतं तर मी आज आपल्या नियमांचे गोडवे गात असते. दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुजींचा मजकूर आला.

तो तुला पाठ असेल. "दस्तऐवजाचा अर्थ लावताना वाचकाची पार्श्वभूमी ध्यानात घेणे आवश्यक आहे, असे मला नम्रपणे वाटते." एकच वाक्य. तू तासाभरात उत्तर पाठवलंस, की पार्श्वभूमी म्हणजे काय ते गुरुजींनी नावानिशी सांगावं, आणि धमक नसेल तर असलं नम्र विष आपल्यापाशीच ठेवावं. मी ते मंजूर केलं. मग सगळ्यांचं सुरू झालं: सत्तरीच्या वर वय असलेल्या माणसाशी ही कुठली भाषा, एवढ्या साध्या वाक्यात विष कुठं दिसलं, ज्यांनी शिकवलं त्यांच्यावरच उलटली. संध्याकाळी मी नियमावर बोट ठेवून तुला दोन महिन्यांसाठी काढलं. सूचना इतकी मऊ लिहिली होती की तीन जणांनी माझ्या संयमाचं कौतुक केलं.

त्याच संध्याकाळी तू फोन केलास. तू भांडली नाहीस. एवढंच म्हणालीस, "सुला, त्या वाक्यात कायतरी हाय गं. गुरुजी असं लिहीत न्हाईत. मला वास येतोय." शिकलेली माणसं आपण, पण मन हललं की तुझ्या तोंडून भोर बोलतं. आणि मी तुला म्हणाले, तुझ्या मनाचे खेळ आहेत, निवडणुकीनं तुझं डोकं तापलंय, चार दिवस शांत हो. तू म्हणालीस, आसंल. फोन ठेवल्यावर मी चहा टाकला. हे लिहिताना लाज वाटते, पण खरंच टाकला आणि दोन बिस्किटं बुडवून प्यायले.

पुढचं तर याहून वाईट आहे. ऑगस्टमध्ये एका कॉलेजनं मला व्याख्यानाला बोलावलं, विषय होता ऑनलाइन चर्चेतला विवेक. मी दोन्ही वाक्यं पडद्यावर दाखवली, एक नम्र मतभेदाचा नमुना म्हणून आणि दुसरं तोल गेल्याचा. नावं काढली होती. आपल्या भागात नावं काढून काय होतं? शेवटच्या रांगेतला माणूसही कोण ते ओळखून मान डोलावत होता. टाळ्या पडल्या, शाल मिळाली, ती कपाटात आहे.

आता गुलजारमावशी. तू घरी नव्हतीस; तांदूळ ठेवून निघाले तर त्यांनी हात धरून बसवलं. म्हणाल्या, "पोरीची हाताशी आल्याली नोकरी गेली न्हवं. मुलाखतीत इचारलं म्हनं, राग आवरतो का तुमाला? तुमचं गटावरचं ऐकलंय. ती तशीच उठून आली." मी पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले. मग म्हणाल्या, "आता समदी कागदं पेटीत घालून ठिवलीत. मोडीचं नाव काढत न्हाई. म्हनती, अम्मी, माझंच डोकं फिरल्यालं, नसलेलं दिसाया लागलंय मला. तुझं ऐकती ती, सुलक्षणा, तूच समजाव तिला, म्हनावं, चूक व्हतेच मानसाकडनं." तुझे अब्बा, मुबारकचाचा, शिलाई मशीनवर होते, त्यांनी पाय थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा शिवायला लागले. मी मान डोलावली आणि निघाले. नसरापूरला एसटी बदलायची होती, पण मी तिथल्या बाकावर बसून दोन गाड्या जाऊ दिल्या.

समीना, ते वाक्य गुरुजींचं नव्हतं. माझं होतं. त्यांनी पाठवलेला मजकूर पंधरा ओळींचा होता. त्यात तुझ्या अब्बांचं नाव होतं, तुमच्या अख्ख्या समाजाला घातलेल्या शिव्या होत्या आणि तुला मोडी शिकवली ही आपली चूक झाली, असं स्पष्ट लिहिलं होतं. मी त्यांना फोन केला आणि म्हटलं, गुरुजी, हे असं गटावर जाऊ देता येणार नाही. ते म्हणाले, "मग तूच बघ कसं ते, तुझी भाषा गोड हाय." तो मजकूर परत पाठवणं माझं काम होतं. मी त्यातलं विष तेवढं ठेवलं, वरून साखर पेरली आणि त्यांच्या नावानं मंजूर केलं. मला वाटलं, गुरुजींची अब्रू राहील, तुला वाईट वाटणार नाही, गट टिकेल. तुझं उत्तर आलं तेव्हा मात्र मी त्यातला एक शब्द बदलला नाही. तीनशे लोकांनी तुझा राग बघावा आणि माझ्या वाक्याकडे बघू नये, असं मला हवं होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली, आणि ते निभवायला तुझ्याशी फोनवर खोटं बोलले. मूळ मजकूर आतल्या बंद पाकिटात आहे. तू उघड नाहीतर फाडून टाक. तू हो म्हणालीस तर तो आणि माझं वाक्य शेजारी शेजारी ठेवून माझ्या नावानं गटावर टाकेन, आणि जिथं व्याख्यान दिलं त्या कॉलेजलाही आणि ज्यांनी तुझी मुलाखत घेतली त्यांनाही पाठवेन. अब्बांचं नाव त्यात आहे म्हणून तुला विचारल्याशिवाय टाकत नाही. गट मी सोडतेय, ते तुझ्या उत्तरावर अवलंबून नाही. माफी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही, ती मागायची लायकी मी ठेवली नाही. लिहिलं ते एवढ्यासाठी की तू आपल्या डोळ्यांवर अविश्वास धरून बसली आहेस, आणि तो माझ्यामुळे. तुझं डोकं फिरलं नव्हतं गं. त्या वाक्यात माणूस होता आणि तुला तो दिसला. ती मी होते.

तुझीच, तू म्हणू दिलंस तर,
सुलक्षणा